वाळवंटातील शेतकरी, कायदेमंडळातील प्रतिनिधी : डॉ. दलीपसिंग सौंद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखादे थोर चरित्र असावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. शिवछत्रपती, जोतीराव, लोकमान्य, आंबेडकर, कर्वे ही नावे आपल्या घरोघरी आदराने उच्चारली जातात. गणेशोत्सवातील व्याख्यानांतून ती दरवर्षी कानी पडतात, आणि ती तशी पडत राहावीत. या वेळी मात्र आम्ही जाणूनबुजून अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे, जो महाराष्ट्रीय नव्हता आणि ज्याचे कर्तृत्व भारतभूमीवर घडले नाही. पंजाबातील एका खेड्यातून तो निघाला. गणितात डॉक्टरेट मिळवूनही त्याला शेतीच धरावी लागली. ज्या जमिनीत त्याने घाम गाळला, तिचा साधा भाडेपट्टाही स्वतःच्या नावे करण्यास कायद्याने त्याला मनाई होती. पुढे त्याच देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहात तो सन्मानाने जाऊन बसला. डॉ. दलीपसिंग सौंद हे त्यांचे नाव. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मताधिकारासह निवडून आलेले ते पहिले भारतीय, पहिले शीख आणि आशियाई वंशाचे पहिले सभासद.

हेच चरित्र का, असे कोणी विचारील. पोटापाण्यासाठी गाव सोडून दूर आलेल्या आपल्या कुटुंबांना दोन प्रश्न कधी सोडत नाहीत. इथे आपण पाहुणे की घरचे, हा पहिला. आणि इथले झालो तर तिकडचे उरतो का, हा दुसरा. आपली वाट तुलनेने सोपी होती, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. आपण प्रांत बदलला, देश बदलला नाही. भाषा निराळी लाभली तरी राज्यघटना आपलीच होती. सौंद यांना यांतले काहीच लाभले नव्हते. तरीही या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी आपल्या आयुष्याने ज्या रीतीने दिली, ती आम्हाला मोलाची वाटते.

बालपण आणि प्रस्थान

अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या खेड्यात २० सप्टेंबर १८९९ रोजी दलीपसिंगांचा जन्म झाला. वडिलांचे नाव नाथासिंग. घर शेतकऱ्याचे, परंतु सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतल्याने बरेच सुस्थितीत आलेले. घरातील वडीलधाऱ्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. म्हणूनच की काय, विद्येचे मोल त्यांना अधिक कळले होते. गावातील मुलांसाठी त्यांनी एक शाळा उभारून दिली. दलीपसिंग लहान असतानाच पितृछत्र हरपले, पण शिक्षणात खंड पडला नाही. बाबा बकाला येथील वसतिगृहात राहून शाळा, पुढे जम्मूचे प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज आणि अखेरीस पंजाब विद्यापीठाची गणितातील पदवी, असा हा प्रवास १९१९ साली पुरा झाला.

१९१९ हे साल आणि अमृतसर हा जिल्हा! जालियनवाला बागेतील हत्याकांड याच वर्षी एप्रिलच्या १३ तारखेला घडले. पंजाबवर लष्करी कायद्याचा अंमल बसला. वीस वर्षांच्या सुशिक्षित तरुणाच्या मनावर या घटनांचा कोणता ठसा उमटला असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गांधीजींच्या विचारांकडे ते ओढले गेले. त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांची स्वयंनिर्णयाविषयीची भाषणे त्यांच्या वाचनात आली. त्यातून अब्राहम लिंकन यांच्या चरित्राची गोडी लागली. आयुष्याच्या उत्तरार्धात आत्मचरित्र लिहिताना त्यांनी आपले वाटाडे म्हणून दोघांचीच नावे घेतली, लिंकन आणि गांधी.

फळे व भाजीपाला टिकवून डबाबंद करण्याचे शास्त्र शिकावे आणि दोन-तीन वर्षांत परत येऊन आपल्याकडे तो उद्योग काढावा, असे घरच्यांना सांगून ते १९२० साली निघाले. इंग्लंडमार्गे सप्टेंबरमध्ये ते न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर उतरले. मजुरी करू इच्छिणाऱ्या भारतीयांना १९१७ च्या कायद्याने अमेरिकेचे दार बंद झाले होते. विद्यार्थ्यांना तेवढी सवलत होती. त्या अरुंद फटीतून दलीपसिंग आत आले. दोन-तीन वर्षांचा वायदा मात्र मोडायचा होता. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले ते सदतीस वर्षांनी.

विद्या आणि तिची किंमत

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विद्यालयात त्यांनी नाव घातले. राहण्याची सोय स्टॉकटनच्या गुरुद्वाराने विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या घरात विनामूल्य झाली. स्टॉकटनचा हा गुरुद्वारा १९१२ सालचा. शेतमजुरी करणाऱ्या पंजाबी माणसांनी आपल्या कमाईतून वर्गणी काढून तो उभा केला होता, आणि त्याच वर्गणीतून शिकणाऱ्या पोरांची राहण्याची सोयही लावली होती. परमुलखात चार माणसे एकत्र आली की प्रथम देवाची जागा करतात आणि लगोलग मुलांच्या शिक्षणाची तजवीज करतात, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या सभासदांना निराळी समजावून सांगायला नको.

कॅलिफोर्नियातील हे पंजाबी शेतकरी मराठी वाचकाला अगदीच परके नाहीत. १९१३ साली याच लोकांमधून गदर चळवळ उभी राहिली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या चळवळीच्या आरंभीच्या संघटकांत होते. आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हे याच चळवळीतून हिंदुस्थानात परतले व नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. सौंद बर्कलेला पोहोचले तेव्हा त्या आठवणी ताज्या होत्या. विद्यार्थिदशेतच ते अमेरिकेतील हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि स्वराज्याच्या बाजूने ठिकठिकाणी व्याख्याने देऊ लागले.

अन्नसंरक्षणशास्त्राकडून मन पुन्हा गणिताकडे वळले. सुट्टीत डबाबंद मालाच्या कारखान्यात काम करावे आणि सत्रात अभ्यास, असे करीत १९२२ साली एम. ए. आणि १९२४ साली गणितातील पीएच. डी. त्यांनी संपादन केली. परंतु या पदवीला बाजारात गिऱ्हाईक नव्हते. विद्वत्तेत उणीव होती असे नव्हे. कारण कायद्यात होते.

अमेरिकेचा १७९० सालचा नागरिकत्वाचा कायदा फक्त गोऱ्या माणसापुरता होता. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांचा समावेश झाला. भारतीय माणूस गोरा की अगोरा, यावर निरनिराळी न्यायालये निरनिराळे निर्णय देत असत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंद यांचे प्रकरण १९२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत काहीही लिहिलेले असो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय हा गोरा नव्हे, असा निकाल न्यायालयाने दिला. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांच्याकडून ते काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. नागरिकत्व हिरावले गेलेल्या वैष्णोदास बगाई या व्यापाऱ्याने १९२८ साली आत्महत्या केली. कॅलिफोर्निया राज्याने १९१३ आणि १९२० साली केलेल्या जमीनविषयक कायद्यांमुळे, नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या परकीयाला शेतजमीन विकत घेता येईना आणि भाडेपट्ट्यानेही करता येईना.

परत जावे, तर इंग्रज सरकारविरुद्ध उघड बोललेल्या तरुणाला तिकडे कोणते भवितव्य असणार? राहावे, तर इथे ना नोकरी, ना नागरिकत्व, ना जमीन. सौंद यांनी राहण्याचा निर्णय घेतला. ज्या देशाने आपल्याला अपात्र ठरविले, त्याच देशाच्या तत्त्वांवर त्यांचा विश्वास बसला होता. हा विश्वास भाबडा होता की काय, याचा निकाल लागण्यास पुढे पाव शतक जावे लागले.

वाळवंटातील शेती

१९२५ साली ते दक्षिण कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यात आले. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेला हा प्रदेश समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पाऊस नावापुरता आणि उन्हाळा असा, की पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जावा. १९०१ साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने या वाळवंटात आणले गेले. थोड्याच वर्षांत नदीने बांध फोडला आणि १९०५ ते १९०७ या काळात तिचे पाणी सखल भागात शिरून साल्टन हे मोठे सरोवर तयार झाले. माणसांनी हार मानली नाही. नदी पुन्हा वळविली आणि शेती उभी केली. पाटाच्या पाण्यावर जमीन कसणे हे पंजाबी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले काम. त्यामुळे १९१० च्या सुमारापासून पंजाबी शेतकरी या खोऱ्यात कापूस पिकवू लागले होते. बायकामुलांना मायदेशाहून आणण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून त्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले आणि घरात स्पॅनिश, शेतात पंजाबी अशी एक आगळी वस्ती तिथे वाढली.

या मंडळींपैकी काही मित्रांच्या शेतावर कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीचा मुकादम, ही डॉ. सौंद यांची पहिली नोकरी. गणिताचा पंडित उन्हात उभा राहून कापसाच्या पोत्यांचा हिशेब ठेवीत होता. या कामाची त्यांना लाज वाटली नाही, आणि विद्या वाया गेली म्हणून ते कपाळाला हात लावूनही बसले नाहीत. रात्री गावच्या वाचनालयातून पुस्तके आणून वाचीत. सुट्टीच्या दिवशी चर्चमध्ये, क्लबांत, शाळांत भारताविषयी बोलण्याचे आमंत्रण आले की जात.

काही पैसा गाठीला बांधून वेस्टमोरलंड या गावाजवळ त्यांनी स्वतःची शेती सुरू केली. स्वतःची म्हणायची एवढेच. कागदावर नाव विश्वासू अमेरिकन मित्राचे. लेट्यूस हे सॅलडच्या पानांचे हिवाळी पीक इथून बर्फ भरलेल्या आगगाडीच्या डब्यांतून पूर्वेकडील शहरांना जाई. भाव लागला तर एका हंगामात सोने. पडला तर उभे पीक नांगरून टाकण्याची पाळी. लसूणघास, साखरबीट, सेलरी अशी निरनिराळी पिके त्यांनी घेऊन पाहिली. १९२९ नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि सौंद कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याची वाट कायद्याने उघडी होती. अनेकांनी ती धरलीही. सौंद यांनी ती नाकारली. वर्षानुवर्षे राबून त्यांनी देणेकऱ्यांचे पैसे फेडले. पुढे ज्या गावाने त्यांना मते दिली, त्या गावाने हा व्यवहार पाहिलेला होता, हे विसरता येणार नाही.

१९२८ साली मरियन कोसा या चेक वंशाच्या सुविद्य तरुणीशी त्यांचा विवाह झाला. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या परकीयाशी लग्न करणे, हे त्या काळच्या कायद्याने आणि समाजानेही सहज पचविलेले कृत्य नव्हते. मरियनबाईंनी ते धैर्याने केले आणि पुढील पंचेचाळीस वर्षे पतीच्या सुखदुःखात अर्धा वाटा उचलला. त्यांना तीन अपत्ये झाली.

याच काळात त्यांच्या हातून एक पुस्तकही लिहून झाले. कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेने १९२७ साली ‘मदर इंडिया’ हे भारतीय समाजाची विटंबना करणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्याला उत्तर द्यावे म्हणून स्टॉकटनच्या खालसा दिवाणाने सौंद यांना गळ घातली. १९३० साली ‘माय मदर इंडिया’ हे त्यांचे पुस्तक निघाले. नांगर बाजूला ठेवून लेखणी हाती घेतलेल्या या शेतकऱ्याने अमेरिकन वाचकांपुढे भारताची बाजू मांडली.

नागरिकत्वाचा लढा

इतक्या वर्षांत सौंद यांनी कर भरला, मुले शाळेत घातली, गावच्या कामांत भाग घेतला. पण मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. वैयक्तिक गाऱ्हाणे करीत बसण्यापेक्षा कायदाच बदलावा, असे त्यांच्या मनाने घेतले. १९४२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन केली आणि सौंद तिचे अध्यक्ष झाले. कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांनी गाठीचा पैसा दिला. न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग यांची इंडिया लीग याच कार्याला लागली होती. महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यामुळे १९४३ साली चिनी लोकांवरील बंदी उठली होती; मग भारतीय सैनिकही मित्रराष्ट्रांच्या बाजूने रक्त सांडत असताना त्यांनाच अपात्र का ठेवावे, हा प्रश्न अमेरिकन लोकप्रतिनिधींना टाळता येईना.

क्लेअर बूथ लूस या रिपब्लिकन पक्षाच्या व इमॅन्युएल सेलर हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. परस्परविरोधी पक्षांच्या या दोन सभासदांनी मिळून विधेयक पुढे रेटले. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर सही केली. वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश, एवढाच कोटा ठरला. पण भारतीयांना नागरिक होण्याचा अधिकार मिळाला, आणि जमिनीच्या कायद्यातील बेडी त्यांच्यापुरती आपोआप गळून पडली. १६ डिसेंबर १९४९ रोजी, अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतर एकोणतीस वर्षांनी, डॉ. दलीपसिंग सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तीचे हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ झाला.

गावचा न्यायाधीश

वेस्टमोरलंडसारख्या लहान गावात ‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदाचा न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडला जाई. १९५० च्या निवडणुकीत सौंद उभे राहिले व निवडूनही आले. परंतु नागरिकत्वाला एक वर्ष पूर्ण झालेले नाही, या कारणास्तव न्यायालयाने त्यांना पद नाकारले. दुसरा एखादा यावर रुसून बसला असता. सौंद दोन वर्षे थांबले आणि १९५२ साली पुन्हा उभे राहिले. या वेळी ते अवघ्या तेरा मतांनी विजयी झाले.

त्या प्रचारातील एक प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. गावातील उपाहारगृहात एका गृहस्थाने भर लोकांत त्यांना खवचटपणे विचारले, की तुम्ही निवडून आलात तर तुमच्या कोर्टात यायला लागणारे फेटे तुम्ही पुरविणार, की आम्ही विकत आणायचे. सौंद शांतपणे म्हणाले, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे एवढेच आपण पाहतो. सारे हसले, आणि त्या हसण्यात तो गृहस्थही सामील झाला. स्वतः सौंद यांनी फेटा बांधणे पूर्वीच सोडले होते. पण त्यावरून होणारी थट्टा त्यांनी आपली मानली आणि तिला राग न आणता उत्तर दिले.

न्यायासनावर बसल्यावर त्यांनी नरमाई दाखविली नाही. गावात जुगाराचे अड्डे आणि इतर अनाचार वर्षानुवर्षे चालत आले होते. दंड भरून सुटावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धंदा मांडावा, अशी रीत पडली होती. सौंद यांनी तुरुंगाच्या शिक्षा देण्यास सुरुवात केली आणि गावाचे रूप पालटले. दरम्यान त्यांनी रासायनिक खतांचा व्यवसायही सुरू केला. १९५४ मध्ये ते इंपीरियल जिल्ह्याच्या डेमोक्रॅटिक पक्षसमितीचे अध्यक्ष झाले.

१९५६ ची निवडणूक

कॅलिफोर्नियाचा एकोणतिसावा मतदारसंघ म्हणजे रिव्हरसाइड आणि इंपीरियल हे दोन जिल्हे. रिपब्लिकन पक्षाचा हा जुना गड. तेथील सभासद १९५६ साली निवृत्त होत होते. सौंद डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले. प्रथम स्वपक्षातील प्रतिस्पर्ध्यानेच हरकत घेतली, की राज्यघटनेप्रमाणे प्रतिनिधी होण्यास सात वर्षांचे नागरिकत्व हवे. गणिताच्या या पंडिताने हा हिशेब आधीच केलेला होता: १६ डिसेंबर १९५६ ला सात वर्षे पुरी होत होती आणि नवे सभागृह जानेवारीत भरणार होते. न्यायालयात ही हरकत टिकली नाही.

समोरची उमेदवार साधी नव्हती. जॅकलीन कॉक्रन या जगप्रसिद्ध वैमानिक. १९५३ साली ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव गाजले होते. पती मोठे उद्योगपती. स्वतःचे विमान घेऊन त्या प्रचाराला निघत. सौंद यांच्याकडे मोटार होती, घरची माणसे होती आणि तीस वर्षांची ओळख होती. पत्नी, मुले, शेजारी यांनी दारोदार जाऊन मतदारांची नावे नोंदविली, पत्रके वाटली. त्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन आयसेनहॉवर यांना देशभर प्रचंड बहुमत मिळाले. त्या लाटेतही या शेतकऱ्याने सुमारे तीन-साडेतीन हजार मतांनी विजय मिळविला. ३ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला शपथ घेतली.

कायदेमंडळातील सहा वर्षे

नवख्या सभासदाला सहसा न मिळणारी परराष्ट्र व्यवहार समितीतील जागा त्यांना पहिल्याच वर्षी मिळाली. त्याच वर्षाअखेर पत्नी व कन्येसह ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. जपानपासून भारतापर्यंत ठिकठिकाणी त्यांचे स्वागत झाले, आणि सदतीस वर्षांनी छज्जलवड्डीची वेस त्यांनी पुन्हा ओलांडली. अख्खा गाव लोटला होता. शीतयुद्धाचे ते दिवस. अमेरिकेची लोकशाही वर्णभेद मानीत नाही हे आशियाला पटविण्यासाठी त्यांचा उपयोग करून घेतला गेला, अशी टीका करता येईल. आम्हाला वाटते, की सौंद हे स्वतः जाणून होते. आपल्या नव्या देशाचे दोष त्यांना अंगावर सोसून ठाऊक होते. पण तो देश आपला कायदा बदलू शकतो, हेही त्यांनी अंगावर अनुभवले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. १९५७ च्या नागरी हक्कांच्या विधेयकाला त्यांनी सभागृहात पाठिंबा दिला, तो याच अनुभवाच्या बळावर.

परदेशांना दिल्या जाणाऱ्या मदतीविषयी त्यांची मते ठाम होती. तोफा-बंदुकांची मदत राजवटींना बळकट करते आणि खेड्यातील माणूस होता तिथेच राहतो, ही त्यांची तक्रार असे. १९६१ साली, अध्यक्ष केनेडी स्वपक्षाचे असूनही, परदेशी मदतीसाठी दीर्घ मुदतीची कर्जे परस्पर काढण्याच्या त्यांच्या योजनेविरुद्ध सौंद यांनी दुरुस्ती मांडली. खर्चाला दरवर्षी लोकप्रतिनिधींची मंजुरी असावी, हा तिचा आशय होता. प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली.

मतदारसंघातील शेतकऱ्यांचे पाणी, साखरबीट, शेतमालाचे भाव यांकडे त्यांचे लक्ष सदैव असे. मेक्सिकोहून हंगामी मजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना चालू राहावी, असाही त्यांचा आग्रह होता. त्या योजनेत मजुरांची पिळवणूक होते असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. स्वतः मजुरांच्या टोळीबरोबर उन्हात उभे राहिलेल्या माणसाने येथे जमीनकसणाऱ्यांची बाजू घ्यावी, ही विसंगती चरित्रकाराने झाकून ठेवू नये. लोकप्रतिनिधी हा अखेर आपल्या मतदारांचा प्रतिनिधी असतो; त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात.

१९५८ व १९६० साली मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १९६० मध्येच ‘काँग्रेसमन फ्रॉम इंडिया’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

अखेर

मे १९६२ मध्ये विमानप्रवासात त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. ज्या वाणीच्या जोरावर एका शेतकऱ्याने एवढी मजल मारली, ती वाणीच गेली, चालणेही थांबले. उमेदवारी कायम राहिली, पण प्रचाराला उमेदवारच नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्यांचा पराभव झाला. त्यानंतरची सुमारे अकरा वर्षे मरियनबाईंच्या शुश्रूषेत गेली. २२ एप्रिल १९७३ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे प्रतिनिधिगृहात दुसरा भारतीय वंशाचा सभासद येण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी त्यांच्या जुन्या मतदारसंघाच्या प्रदेशातील टेमेक्युला गावच्या टपाल कचेरीला त्यांचे नाव देण्यात आले. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत त्यांचे तैलचित्र लागले. पुढे वाट रुंदावली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे प्रथम मिशिगन राज्याच्या विधिमंडळात गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी याच प्रतिनिधिगृहात शपथ घेतली. मराठी माणसाला तेथवर नेणाऱ्या पायवाटेवरचे पहिले दगड एका पंजाबी शेतकऱ्याने बसविले होते, याची आपण कृतज्ञतेने नोंद घेतली पाहिजे.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे येऊ. इथे आपण पाहुणे की घरचे? सौंद यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नाही. कायदा त्यांना परका म्हणत होता, तेव्हाही ते घरच्यासारखे वागले: कर्ज फेडले, गावच्या सभांना गेले, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावले. अधिकार मिळाल्यावर कर्तव्य करू, असे त्यांनी म्हटले नाही. म्हणूनच अधिकार हाती आला त्या दिवशी मते देणारी माणसे आधीपासून भोवती होती. आणि इथले झालो तर तिकडचे उरतो का? ज्याने वाळवंटातल्या झोपडीत बसून मायभूमीची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला आणि सदतीस वर्षांनी आपल्या खेड्याच्या वेशीत पाऊल ठेवले, त्याचे तिकडचेपण अमेरिकेच्या नागरिकत्वाने कमी झाले, असे कोण म्हणेल?

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणपती बसविला, नाटके केली, वाचनालय चालविले, मुलांना मराठी शिकविली. हे सारे आपण आपल्यासाठी केले, आणि ते करावयासच हवे होते. ज्या शहराने आपल्याला अन्न आणि आसरा दिला, त्याच्या शाळांत, दवाखान्यांत, नगरपालिकेत, संकटाच्या वेळी त्याच्या रस्त्यांवर आपण किती दिसलो, याचा हिशेब सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने मनाशी मांडावा, एवढीच आमची विनंती आहे. स्टॉकटनच्या मजुरांनी वर्गणीतून चालविलेल्या घरात एक विद्यार्थी राहून गेला होता. आपल्या मंडळाच्या छताखाली आज कोणता विद्यार्थी अभ्यास करीत बसला आहे, हे आपल्याला अजून ठाऊक नाही.

डॉ. दलीपसिंग सौंद यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.